मंजूर नमुन्याप्रमाणे

साहेब, आंधळ्यांसाठी राखीव ठेवलेली नोकरी तुमच्या खात्यानं आंधळ्यांपासूनच लपवून ठेवली. मुद्दाम केलंत असा आरोप नाही. मुद्दाम करायचं तर समोरच्या माणसाचा विचार आधी डोक्यात यावा लागतो, आणि तुमच्या डोक्यात त्या दिवशी फक्त समास होता, डाव्या बाजूचा दोन सेंटिमीटरचा समास. खात्याचं नाव इथे लिहिलेलं नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे. शिपाई रोज सकाळी ती पितळी पाटी पुसतो. घडलं ते मात्र सगळं लिहिलं आहे. वाचा.

ज्या बाईनं तुमची वेबसाइट बांधली तिचं नाव वैजयंती उपासनी. वय सत्तेचाळीस. वडील तार खात्यातले, नाशिकहून बदली होऊन दिल्लीत आले ते इथलेच झाले. आईवडील गेल्यावर मयूर विहारच्या दोन खोल्यांत ती आणि तिचा धाकटा भाऊ राजाभाऊ, एवढी दोघंच उरली. तिनं लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलं की दुसरंच कुणीतरी भावाकडे बोट दाखवायचं. ती म्हणायची, "मला एकही बरा भेटला नाही. त्यात याच्या डोळ्यांचा काय संबंध?"

राजाभाऊ जन्मापासून आंधळा. नेहरू प्लेसच्या एका कंपनीत एकवीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर. सहाशे एक्स्टेन्शन तोंडपाठ. आवाजावरून माणूस ओळखायचा, आणि खोकल्यावरून त्या माणसानं काल किती सिगारेटी ओढल्या तेही सांगायचा. सन दोन हजारच्या दिवाळीत कंपनीनं नवा एक्स्चेंज बसवला. बाहेरचा फोन आता एका बाईच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात आपोआप आत जाऊ लागला. राजाभाऊच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद आला, मुदत मार्चअखेरची. घरी येऊन त्यानं तो टेबलावर ठेवला.

"ताई, यात स्वेच्छा कुणाची लिहिलीय तेवढं बघ. माझी तर नाही."

त्यानंतर महिनाभरानं तुमच्या खात्याचं काम वैजयंतीच्या ऑफिसात आलं. ऑफिस म्हणजे नोएडाच्या सेक्टर सहामधला एका कारखान्याच्या डोक्यावरचा मजला. खाली कपडे शिवायच्या मशिनी, वर वेबसाइट. वेबसाइटवर घालायच्या मजकुराची फाइल चाळताना वैजयंतीला एक टिपण दिसलं. दृष्टिहीनांसाठी चार जागा भरायच्या आहेत, जाहिरात यंदापासून वेबसाइटवरच प्रसिद्ध होईल, वर्तमानपत्रात फक्त दोन ओळी. वयोमर्यादा पंचेचाळीस. राजाभाऊ पंधरा मेला पंचेचाळीस पूर्ण करणार होता. म्हणजे हीच एक संधी, आणि हीच शेवटची.

संध्याकाळी तिनं त्याला सांगितलं तेव्हा त्यानं वयाची अट तिच्याकडून दोनदा वदवून घेतली. मग म्हणाला, "वेबसाइट कोण करतंय?"

"मीच."

"हातानं?"

"मग काय पायानं?"

"मग गोरा वाचेल," तो म्हणाला.

गोरा म्हणजे रविवारच्या क्लासातल्या कॉम्प्युटरवरचं पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. अमेरिकन नाकातून बोलायचं म्हणून त्याचं नाव गोरा. क्लासात अकरा जण होते, सगळे आंधळे, आणि इंटरनेट आठवड्यातून फक्त एक तास. "पण एक सांगतो," राजाभाऊ म्हणाला, "जाहिरात मी वाचणार, फॉर्म मी भरणार. तू वाचून दाखवायचं नाही. जन्मभर लोकांनी वाचून दाखवलेलं ऐकत आलोय. हे एकदा मला स्वतःला करू दे."

"बरं बाबा. मी बघणारसुद्धा नाही."

"शपथ?"

"शपथ. आणि गोरा घडाघडा वाचेल, ती माझी जबाबदारी."

हे तिनं कशाच्या जोरावर म्हटलं, तेही ऐका. पंचवीस वर्षं ती दर्यागंजच्या एका छापखान्यात होती. आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, मग कॉम्प्युटरवर मजकूर लावला, प्रुफं वाचली. छापखाना बंद पडला तेव्हा लक्ष्मीनगरच्या एका सायबर कॅफेत जाऊन बसायला लागली. कुठलंही पान उघडायचं, माउसचं उजवं बटण दाबायचं आणि पानाच्या मागे लिहिलेली खुणांची भाषा दोनशेपानी वहीत उतरवून घ्यायची. कुणी शिकवलं नाही. कॅफेवाल्या पोराला वाटायचं, बाई परदेशातल्या मुलाला पत्रं लिहितात. अशा चार वह्या भरल्यावर तिनं राजाभाऊसाठी पहिलं पान लिहिलं, त्याच्या कंपनीच्या एक्स्टेन्शनची यादी. डावीकडे नावं, उजवीकडे नंबर. दिसायला देखणं. गोऱ्यानं आधी सगळी नावं वाचली आणि मग सगळे नंबर.

राजाभाऊ हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. "ताई, आधी सहाशे नवरे उभे केलेस आणि मग सहाशे बायका. यांची लग्नं कोण लावणार?"

त्या दिवशी तिला कळलं, की पानाला डोळ्यांचा एक क्रम असतो आणि कानांचा दुसरा, आणि हातानं लिहिलं तर दोन्ही जुळवता येतात. त्यानंतर प्रत्येक पान ती त्याच्या कानांनी तपासून घ्यायची. चित्र असेल तिथे चित्रामागे एक शब्दांची चिठ्ठी लिहायची सोय असते. चित्र दिसलं नाही तर ती चिठ्ठी वाचली जाते. वैजयंतीच्या पानावर चिठ्ठीशिवाय एक चित्र सापडलं असतं तर तिनं त्या दिवशी चहा घेतला नसता. थोडा अभिमान होता त्यात, थोडा तोराही होता. तिला ते ठाऊक होतं.

ऑफिसात तिच्या शेजारी बसायची इशिता. तेवीस वर्षांची, गुडगावच्या नव्या सोसायटीत वाढलेली, डिझाइनच्या कोर्सचं प्रमाणपत्र घेऊन आलेली. ती एक अक्षर लिहायची नाही. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र काढल्यासारखं पान काढायचं, डबे इकडून तिकडे सरकवायचे; मागची भाषा ते सॉफ्टवेअर आपली आपण लिहून मोकळं.

"काकू, तुम्ही अजून नोटपॅडमध्येच? शिलाई मशीन असताना हातानं टाके घालताय यार."

"काज हातानंच करावं लागतं."

"काज म्हणजे?"

"बटणाचं भोक."

"अच्छा, होल! मग होल बोला ना." ती खुर्ची ओढून जवळ आली. "सच्ची बोलू? माझं पान दोन दिवसांत होतं, तुमचं नऊ. आणि क्लायंट मागचं कोड बघतच नाही. त्याला समोरचं दिसतं."

"ज्याला समोरचं दिसत नाही त्याचं काय?"

इशितानं खांदे उडवले. उद्धट नव्हती ती. तिला खरंच असा माणूस आठवत नव्हता. आणि तिची पानं सुंदर असायची, हे वैजयंतीनंही कधी नाकारलं नाही.

फर्मचा मालक विश्वास गद्रे. करोलबागेत जन्मलेला, पंचेचाळिशीचा, सज्जन म्हणावा असा. सगळीकडच्या डॉटकॉम कंपन्या धडाधड झोपत होत्या आणि त्याच्या अकरा माणसांची पाच झाली होती. सरकारी काम म्हणजे त्याला बुडताना मिळालेला बांबू. तो वैजयंतीला म्हणाला, "ताई, तुमच्या पद्धतीनं करा, माझी ना नाही. फक्त साहेबांची सही मिळाली पाहिजे."

आता साहेब, तुमची पाळी.

तुमच्या खात्यानं वेबसाइट कागदावर मंजूर केली. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं. बासष्ट पानांचे रंगीत प्रिंट काढून आणायला सांगितले. ते फाइलला लावले. प्रत्येक प्रिंटखाली दोन कारकुनांच्या आणि एक तुमची अशा तीन सह्या, वर गोल शिक्का, ‘नमुना मंजूर’. फाइल सहा टेबलं फिरली. जानेवारीच्या शेवटी वैजयंती आणि विश्वास तयार वेबसाइट दाखवायला तुमच्या खोलीत आले तेव्हा तुम्ही ती फाइल उघडलीत, खणातून प्लास्टिकची फूटपट्टी काढलीत आणि ती मॉनिटरच्या काचेवर टेकवलीत.

"ये मार्जिन देखिए. प्रिंट में दो सेंटीमीटर है. यहाँ तीन दिख रहा है."

वैजयंतीनं समजावलं. हे पान कागदासारखं नसतं, ज्याचा जेवढा पडदा त्या मापानं ते पसरतं किंवा आकसतं, तीच तर याची खुबी आहे. तुमचा मॉनिटर चौदा इंची, आमचा सतरा. तुम्ही ऐकून घेतलंत. मग दुसरं पान लावलंत.

"यहाँ पाँच लाइनें थीं, अब सात हैं. और ये अक्षर भी वो नहीं हैं."

ते अक्षर तुमच्या कॉम्प्युटरवर नव्हतंच. नसलेलं अक्षर दिसणार कुठून?

"मॅडम, मैं टेक्निकल आदमी नहीं हूँ. मैंने जिस पर साइन किया है, मुझे वो चाहिए. कल को ऑडिट पूछेगा कि नमूना कुछ और, माल कुछ और, तो मैं क्या बोलूँगा?"

परतीच्या गाडीत विश्वास आयटीओचा पूल ओलांडेपर्यंत बोटांवर पगारांचा हिशेब करत होता. मग म्हणाला, "ताई, इशिताच्या सॉफ्टवेअरमध्ये होईल का हो हे? मिलिमीटर टू मिलिमीटर?"

होणार होतं. इशितानं दोन दिवसांत करून दाखवलं. मंजूर प्रिंटचंच एक मोठं चित्र केलं, सॉफ्टवेअरनं त्याचे काप पाडले आणि ते काप फरशीसारखे जुळवून पान तयार केलं. त्या पानात अक्षर नावाची गोष्टच उरली नाही. शीर्षक म्हणजे चित्र, परिच्छेद म्हणजे चित्र, तारीखसुद्धा चित्रच. कुठल्याही पडद्यावर समास दोन सेंटिमीटरच्या जवळपास, ओळी पाच. विश्वासनं तिला समोसे मागवले.

वैजयंतीनं आपली नऊ आठवड्यांची पानं एका फ्लॉपीवर घेतली आणि पर्समध्ये टाकली. भांडली नाही. चालत आलेल्या पगारावर घर होतं, आणि मार्चनंतर राजाभाऊचा पगार येणार नव्हता. तिनं विश्वासला एवढंच म्हटलं, "चित्रं तर चित्रं. पण प्रत्येक चित्रामागे मी चिठ्ठी लिहिणार. त्याला कुणी हात लावायचा नाही."

"लिहा ना, बिल्कुल लिहा. ती कुठे दिसतेय?"

एकशे शहाण्णव चित्रं होती. तिनं एकशे शहाण्णव चिठ्ठ्या हातानं लिहिल्या. मग तुमच्याकडून निरोप आला, हिरवा रंग जरा गडद हवा. इशितानं रंग बदलून सॉफ्टवेअरला पानं पुन्हा काढायला सांगितली, आणि त्यानं पुन्हा काढताना हातानं लिहिलेलं सगळं पुसून टाकलं. त्याच्या लेखी ती घाणच होती. इशिता कानाच्या पाळ्या धरून उभी राहिली. "सॉरी काकू. मला खरंच माहीत नव्हतं." वैजयंतीनं पुन्हा बसून एकशे शहाण्णव चिठ्ठ्या लिहिल्या. या खेपेला नवीन जाहिरात कशी चढवायची, तिची चिठ्ठी कुठे लिहायची, याचं एक पानभर टिपणही तुमच्या कारकुनासाठी केलं.

फेब्रुवारीच्या अखेरीस शेवटची तपासणी. या वेळी इशिताही आली होती. तुम्ही फूटपट्टी लावलीत. समास बरोबर. ओळी बरोबर. हिरवा बरोबर. तुम्ही खूश होऊन माउस उगाच इकडेतिकडे फिरवलात, तो एका चित्रावर थांबला आणि तिथे एक छोटीशी पिवळी पट्टी उमटली. तीत लिहिलं होतं: भरती, चालू जाहिराती.

"ये क्या है?"

त्या काळी असंच व्हायचं; चित्रामागची चिठ्ठी माउस थांबला की पिवळी होऊन समोर यायची. तिनं सांगितलं, ही चिठ्ठी आहे, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. त्यांचं सॉफ्टवेअर हीच वाचतं.

तुम्ही माउस दुसऱ्या चित्रावर नेलात. पिवळी पट्टी. तिसऱ्यावर. पिवळी पट्टी. फाइलमधला प्रिंट बघितलात.

"ये तो नमूने में नहीं है."

"सर, कागद पर ये नहीं आ सकता," वैजयंती म्हणाली.

"तो फिर हटाइए."

"सर, इसके बिना उनका सॉफ्टवेअर कुछ भी नहीं पढ़ेगा. एक शब्द भी नहीं."

"वो सच बोल रही हैं, सर," इशिता मध्येच म्हणाली. एवढं तिच्या नावावर लिहायला हवं.

तुम्ही हसलात. वाईट हसलात असंही नाही, घरातल्या लहान मुलाला हसावं तसं. "मॅडम, अंधे लोग वेबसाइट देखेंगे? उनके घरवाले पढ़ देंगे न." मग विश्वासकडे वळलात. "पाँच मार्च को मंत्रीजी के हाथ से उद्घाटन है. ये पीली पर्ची उनके सामने नहीं आनी चाहिए. हटा के लाइए, मैं उसी दिन साइन करता हूँ."

ऑफिसात परत आल्यावर विश्वासनं दार लावून घेतलं. आवाज चढवला नाही. "ताई, सही नाही आली तर एप्रिलमध्ये हा मजला रिकामा. तुम्ही, मी, इशिता, सगळे घरी. तुम्ही नाही काढल्या तर मी काढीन, पण मला ते नीट जमायचं नाही, पान फुटेल. तुम्हीच सांगा काय करू."

इथे वैजयंती नाही म्हणू शकली असती. तिनं स्वतःला नंतर हजार वेळा ते म्हणून दाखवलं. त्या दिवशी मात्र ती खुर्चीवर जाऊन बसली. तिच्या कॉम्प्युटरवरच्या नोटपॅडला एका फटक्यात सगळं बदलायची सोय नव्हती. एक चिठ्ठी शोधायची, ती पुसायची, पुढची शोधायची. जेवणानंतर सुरू केलं ते चार वाजताच्या चहापर्यंत चाललं. खालच्या मशिनींचा आवाज फरशीतून पायांत येत होता. एकशे शहाण्णव. प्रत्येक चिठ्ठी पुसण्याआधी तिनं वाचली, प्रुफं वाचायची जुनी खोड. कारकुनासाठीचं टिपणही फाइलीतून काढलं, कारण आता त्यात सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

पाच मार्चला उद्घाटन झालं. फोटो आले.

घरी राजाभाऊनं विचारलं, "झाली का गं तुझी वेबसाइट सुरू?"

"झाली."

"छान."

एवढंच. तिनं ठरवलं होतं, त्या क्षणी सांगायचं. तो क्षण तिनं जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाली, दुसऱ्या दिवशी त्याला ताप होता. रविवारी तो क्लासातून येईल, चिडेल, विचारेल, मग सगळं सांगून टाकू आणि जाहिरात आपणच वाचून दाखवू, शपथ गेली खड्ड्यात. रविवारी तो आला, वरणभात जेवला, क्रिकेटचा स्कोअर विचारला आणि झोपला. त्यानं विचारलं नाही. तिला वाटलं, अजून त्यांनी वेबसाइट उघडलीच नसेल. त्यापुढच्या रविवारीही नाही. ती वेबसाइट स्वतः उघडून बघायचं मात्र तिला होईना. त्या पत्त्याचं पहिलं अक्षर टाइप करायची आणि पुसून टाकायची. मार्च संपला. राजाभाऊचा शेवटचा दिवस झाला, कंपनीनं त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. "बघा," तो म्हणाला, "यांनाही वाटतं आंधळे घड्याळ बघतात."

चौदा एप्रिल, शनिवार. संध्याकाळी सातच्या सुमाराला ती भाजी निवडत होती. राजाभाऊ रेडिओ बंद करून म्हणाला, "ताई, सोमवारी घरी कुरिअर येईल. सही करून घे हं. मुंबईहून सीडी मागवलीय."

"कसली सीडी?"

"गोऱ्याची. नवी आवृत्ती. आमचा गोरा म्हातारा झालाय. तुझ्या पानावर गेला की नुसता बरळतो. आर वन सी वन, आर वन सी टू, आर टू सी वन. तासभर हेच." त्यानं नाकातून गोऱ्याची नक्कल केली.

वैजयंतीनं गवार बाजूला ठेवली. तिला कळलं ते काय आहे. इशिताच्या सॉफ्टवेअरनं त्या कापांना दिलेली नावं. ओळ एक खण एक, ओळ एक खण दोन. चिठ्ठी नसली की गोरा बिचारा फाइलीचं नाव वाचतो.

"कधीपासून?"

"चार रविवार झाले. आम्ही सगळं करून बघितलं. गोऱ्याला काढून परत टाकला, स्पीकर बदलला, दिनकररावांनी तर पूर्ण मशीन पुसलं." दिनकरराव म्हणजे त्यांचे क्लासातले शिक्षक, तेही आंधळेच. "बाकीची पानं वाचतो की व्यवस्थित. मग मीच म्हटलं, अरे, हे पान माझ्या ताईनं लिहिलंय. चूक पानात असणारच नाही. तिनं काहीतरी नव्या पद्धतीनं लिहिलं असणार, आपलाच गोरा मागासलेला. म्हणून सीडी."

"मला का नाही विचारलंस, राजा?"

"तुला वाईट वाटलं असतं. तू एवढं मन लावून केलंस आणि आमच्याकडे वाचायचं धड मशीन नाही, हे काय सांगायचं? आणि तू शपथ घेतली होतीस ना, बघणार नाही म्हणून."

ती चपला घालून निघाली. कॉर्नरच्या सायबर कॅफेत गर्दी होती, एका पोराला उठवून बसली. पान हळूहळू वरून खाली उतरलं. सुंदर होतं. मधोमध जाहिरात होती, तुमच्या कारकुनानं टाइप केलेला कागद स्कॅन करून चढवलेला, गोल शिक्क्यासकट. प्रसिद्धी बारा मार्च. दृष्टिहीन उमेदवारांसाठी चार पदं. अर्ज पोचण्याची शेवटची तारीख दहा एप्रिल.

घरी आल्यावर तिनं सगळं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. राजाभाऊ पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होता, मान नेहमीसारखी थोडी डावीकडे झुकलेली.

"चिठ्ठ्या कुणी पुसल्या?"

"मी."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"साहेबांना माहीत होतं त्या कशासाठी आहेत?"

"मी सांगितलं होतं त्यांना. इशितानंसुद्धा."

तो म्हणाला, "आणि मी चार रविवार त्या दहा जणांना सांगत होतो, माझ्या ताईचं पान आहे, धीर धरा. त्यातले तिघं अर्ज करणार होते." यापुढे तो तिला काही बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ताटावर आला, जेवला, आपलं ताट उचलून स्वतः मोरीत ठेवलं.

सोमवारी दोघं अर्ज घेऊन तुमच्या कार्यालयात आली. आवक खिडकीतल्या माणसानं तारीख बघितली आणि कागद परत सरकवला. दोन तासांनी तुम्ही भेटलात. तक्रार ऐकून तुम्हाला खरोखर आश्चर्य वाटलं. तुम्ही मॉनिटर त्यांच्या बाजूला वळवलात, राजाभाऊच्या बाजूला वळवलात, साहेब, आणि म्हणालात, "देखिए, कितना साफ लिखा है. पूरे एक महीने से लगा हुआ है."

राजाभाऊ म्हणाला, "जी, होगा."

वैजयंतीनं त्याच आठवड्यात तुम्हाला पत्र लिहिलं. आपण काय बनवलं होतं, तुम्ही काय काढायला सांगितलं, कुठल्या दिवशी, कुणासमोर, आणि ते स्वतःच्या हातानं कसं काढलं, सगळं लिहिलं. स्वतःला वगळलं नाही. विश्वासनं पत्र वाचून डोक्याला हात लावला. "ताई, हे गेलं की आपल्याला सरकारी काम जन्मात मिळणार नाही."

"मला काढून टाका. मग हे माझं एकटीचं पत्र."

त्यानं काढलं नाही, तिनंच राजीनामा दिला. इशिताला तिनं साक्षीदार म्हणून नाव घालू का विचारलं. इशिताचे डोळे भरले. "काकू, प्लीज माझं नाव नको ना. पुढच्या आठवड्यात बंगलोरचा इंटरव्ह्यू आहे." वैजयंतीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि नाव घातलं नाही.

पत्र रजिस्टर्ड पोस्टानं गेलं. पोच आली. स्मरणपत्र गेलं. त्याचीही पोच आली. पंधरा मेला राजाभाऊनं पंचेचाळीस पूर्ण केली. आता तो सकाळी लवकर उठतो, कारण एकवीस वर्षांची सवय आहे, आणि दाढी करून खुर्चीत बसतो. वैजयंती घरीच शिकवण्या घेते, दोन मुली येतात. त्यांना पान हातानं लिहायला शिकवते. त्या विचारतात, बाई, सॉफ्टवेअर असताना हे कशाला? ती पुढची ओळ लिहायला सांगते. संध्याकाळी बहीणभाऊ एका खोलीत असतात, पण तो आता तिला पानं तपासून देत नाही. तिनं एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "नको ताई. माझा काही भरवसा नाही, मला तुझं सगळं बरोबरच वाटतं."

चारपैकी तीन पदं अजून रिकामी आहेत. तसं तुमच्याच वेबसाइटवर लिहिलं आहे, ‘योग्य उमेदवार उपलब्ध न झाल्याने’. एका जागेसाठी एका माणसाचा अर्ज आला, त्याचे घरवाले डोळस होते.

तेव्हा साहेब, समजूत नको, चौकशी समिती नको, आणि वेबसाइट लवकरच सुधारण्यात येईल हेही नको. जागा रिकामी आहे. माणूस दाढी करून बसलेला आहे. राजाभाऊ उपासनीचा अर्ज सोळा एप्रिलला तुमच्या खिडकीतून परत आला, तेव्हा त्याला पंचेचाळीस पूर्ण व्हायला एकोणतीस दिवस बाकी होते. तो अर्ज मुदतीत आला असं धरून तुम्ही घेणार आहात का?

हो की नाही, तेवढं कळवा.